विलास, तुझ्या आईचं बोलणं माझ्या हातून गेलं

विलासला जाऊन वर्ष झालं. त्याचं शेवटचं काम मी पुसलं.

वर्षभर हे कुणाला सांगितलं नव्हतं. काल त्याच्या वडिलांना सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो.

सांगलीजवळ माधवनगरात भाड्याची एक खोली, दोन खुर्च्या, दोन मशीन. विलास आणि मी लोकांच्या वेबसाइट करायचो. एक मशीन म्हणजे आमचा लोकल सर्व्हर. साइट आधी त्यावर तयार व्हायची, मग इंटरनेटवर जायची.

कोडिंग त्याचं, बॅकअप माझा.

दर शनिवारी मी फोल्डर कॉपी करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायचो आणि चहाला जायचो. तो बॅकअप परत उघडतो का, हे एकदाही बघितलं नाही.

विलासचं गाव कोरेगावकडं. घरटी एक माणूस फौजेत. त्याचे वडील आण्णाही सुभेदार म्हणून रिटायर झालेले.

त्या सगळ्या घरांची एक साइट करायची त्यानं मनावर घेतलं होतं. क्लायंट नाही, पैसा नाही. रविवारी गावी जायचा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचा, ऐकून यायचा. रेकॉर्डिंग लावलं की माणसं गप्प होतात म्हणायचा. मग सोमवारी सकाळी सर्व्हरवर बसून आठवेल तसं सगळं टाइप करायचा.

त्यात त्याची आईही होती.

आण्णा बॉर्डरवर असताना तिनं घर, शेत आणि तीन पोरं एकटीनं कशी ओढली, ते ती तीन रविवार बोलली. आण्णा रानात गेले की बोलायची. त्यांच्यासमोर नको म्हणाली.

आण्णांना एवढंच माहीत होतं की ती काहीतरी बोललीय. त्यांनी विलासला विचारलं. तो म्हणाला, साइट चालू झाली की तुमीच वाचा.

उन्हाळ्यात आई गेली.

त्यानंतर आण्णा दर फोनला साइटचं विचारायचे.

मी त्यातली एकही ओळ वाचली नव्हती. रोज शेजारी बसायचो, पण माझ्यासाठी तो डेटा होता.

आता माझ्या शहाणपणाबद्दल.

खंडेनवमीला लोक कोयते, नांगर, गाड्या धुऊन पुजतात. आम्ही सर्व्हर पुजायचो. आदल्या दिवशी मशीन उघडून धूळ काढायची, फॉरमॅट मारायचं, सगळं नव्यानं टाकायचं. नवमीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. दसऱ्याला बॅकअप चढवून काम सुरू.

गेल्या वर्षी विलास घटासाठी गावी गेला होता. जाताना म्हणाला, "मी येतो परवा, मग दोघं मिळून करू."

मी थांबलो नाही. पूजा चुकायला नको म्हणून एकट्यानंच उरकलं.

फॉरमॅटआधी कॉपी काढताना, साइटचा मजकूर म्हणजे डेटाबेस जिथं असतो तिथं साइटच्या नावाचं फोल्डर दिसलं, ते घेतलं. शेजारी एक मोठी फाइल होती, नाव ओळखीचं नाही. प्रोग्रॅमची असेल म्हणून सोडून दिली.

आमच्या त्या जुन्या सेटअपमध्ये सगळा मजकूर त्याच फाइलमध्ये असायचा.

दर शनिवारीही मी ती सोडतच आलो होतो.

मग फॉरमॅट मारलं. विंडोज नवं टाकलं. पुसून, आदल्या रात्रीच हार घालून मशीन पाटावर ठेवलं.

नवमीला पहाटे विलासच्या छातीत दुखलं. साताऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. अडतीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर मी खोली उघडली. हार वाळून गेला होता. बॅकअप चढवला.

साइट उघडली. वर विलासनं केलेलं गावाचं चित्र, खाली पांढरं पान.

डेटाबेस बघितला. यादीत सगळ्या टेबलांची, म्हणजे मजकुराच्या तक्त्यांची, नावं होती. नावावर क्लिक केलं की मेसेज यायचा, असं टेबल अस्तित्वात नाही.

शनिवारच्या सगळ्या कॉप्या चढवून बघितल्या. सगळीकडं तेच.

मग विलासच्या कप्प्यात एक पेनड्राइव्ह सापडला. दर दसऱ्याच्या आधी तो स्वतः सगळे डेटाबेस नीट एक्सपोर्ट करून, म्हणजे पूर्ण बाहेर काढून ठेवायचा; दसऱ्याला तेच चढवत असणार. मला कधी बोलला नाही. मला वाईट वाटेल म्हणून असेल. त्यात शेवटचा एक्सपोर्ट आदल्या वर्षीचा होता, आणि तेव्हा ही साइट सुरूच झाली नव्हती.

डिस्क पुण्याला दोन ठिकाणी दाखवली. दोघांनी सांगितलं, वर नवं लिहिलं गेलंय, काही निघणार नाही.

आण्णा हिवाळ्यात एसटीनं सांगलीला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा. मी म्हणालो, काम चाललंय आण्णा. नंतर फोनवरही तेच सांगत राहिलो. असा भित्रा माणूस मी.

काल वर्षश्राद्धाला गेलो. जेवणाआधी आण्णांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. फॉरमॅट म्हणजे काय तेही सांगितलं.

त्यांनी रानाकडं बघितलं.

"म्हंजे ती काय बोल्ली, ते आता कुणालाच ठावं न्हाई."

"कुणालाच नाही, आण्णा," मी म्हणालो.

"इलासला कळलं हुतं का, तू पुसलंस त्ये?"

"नाही आण्णा. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो गेला."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मग बरं झालं," म्हणाले. "चल, पान वाढलंय. जेवून जा."

मी जेवलो. आण्णा शेजारी बसून वाढायला सांगत होते.

विल्या, आण्णा रागावले नाहीत रं. तू असतास तर मला शिव्या घातल्या असत्यास, आणि त्या मला पाहिजे होत्या.

तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. तरी वाहतो. मला माफ कर.