पंख्याला फुंकलेला अंगारा

लेकीने सांगलीहून सुटे भाग आणून साताऱ्याच्या घरी कॉम्प्युटर जोडला, तो सासूबाईंच्या खोलीत. त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मी लग्नपत्रिका टाइप करायची कामं घेतली होती. पण बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, अगदी त्यांच्या दम्यासारखा. माझी बोटंच थिजायची.

तेव्हाची मी म्हणजे शहाणपणाचं गाठोडं! कुणाला न सांगता औंधच्या यमाईचा अंगारा कॅबिनेटच्या फटींतून आत फुंकला, चांगले चार दिवस. पंख्याने तो सगळा गोळा केला आणि सासूबाईंचा दमा आणखीच वाढला.

शेवटी लेकीने मला आणि कॉम्प्युटरला सांगलीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने झाकण काढलं.

"आवं काकू, ह्यो कॉम्प्युटर हाय का चूल?"

"धूळ आहे ती," मी म्हटलं. लेकीने कपाळाला हात लावला.

त्याने दोन पंखे चालवून दाखवले. "ल्हान पंखा लय पळतोय, म्हणून वरडतोय. मोठा निवांत फिरतोय, वारं तेवढंच देतोय." मी मोठा घेतला. मागचा पत्रा कापून त्याने तो बसवला.

घरी आल्यावर कॉम्प्युटर चालू केला. आवाज जवळजवळ नव्हताच. त्या शांततेत मला आठवलं, याच खोलीतून त्या "अगं, जरा पाणी दे" म्हणायच्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करायचे.

ती हाक अजून ऐकू येते. हल्ली मी पहिल्याच हाकेला उठते. गुडघे कुरकुरतात, पण उठते.