सुमेधाबाईंनी बांधावरून सोडलेला दोर

हा गौरवग्रंथ उघडून बसलेल्या जाणत्या मंडळींनी आधी एवढंच सांगावं, की शेवटचा अहिर कधी खाल्लात? आठवत नाही ना? मला ठाऊक होतं. अहिर म्हणजे गोड्या पाण्यातला, सापासारखा लांब आणि बुळबुळीत मासा, हेसुद्धा इथे लिहावं लागतंय. लहानपणी त्याच्या तिखल्याचं ताट चाटूनपुसून खाल्लेली माणसं तुम्ही. तो पऱ्यातून, म्हणजे गावच्या ओढ्यातून, नाहीसा झाला, ताटात पापलेट आलं, आणि तुम्ही मोकळे झालात. विसरल्या नाहीत त्या एकट्या डॉ. सुमेधाबाई. त्यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होतात, म्हणून हा लेख.

समितीने निरोप धाडला की लेख स्वहस्ताक्षरात द्यावा. अंगठा चालतो का, असं मी उलट विचारलंय. अक्षरओळख मला नाही. मी बोलते आणि आमची सूनबाई लिहिते. माझ्या तोंडात बाईंबद्दल कधी ‘ती’ येतं, ते ती ‘त्या’ करते. करू दे, गौरवाचं काम आहे.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या पऱ्यात. आमचं गाव जयगडच्या खाडीकाठचं, आणि घराखालून वाहणारा पऱ्या थेट खाडीला मिळतो. तिथे साडीचा काचा मारून एक बाई गुडघाभर पाण्यात उभ्या, हातात पांढरं तलम फडकं. मी काठावरून विचारलं, “काय गो बाय, आमच्या पाण्याचं ताक गाळतेस काय?” त्या मागे वळून म्हणाल्या, “आजी, लोणी निघतंय का बघते.” रत्नागिरीच्या कॉलेजात मासे शिकवणाऱ्या मोठ्या बाई आहेत, हे मला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशीपासून मी ‘अहो’ म्हणायला लागले, आणि त्या चहाला यायला लागल्या.

त्यांचं काम असं. अहिर जन्मतो भर समुद्रात, इतक्या दूर की नेमका कुठे, हे बाईंनाही माहीत नाही. त्याची पिल्लं पानासारखी चपटी असतात. समुद्राचा प्रवाह नेईल तिकडे ती वाहत येतात. किनाऱ्याजवळ पोचेस्तोवर काचेच्या दोऱ्यासारखी होतात, खाडीत शिरतात, आणि गोड्या पाण्याचा वास धरून पऱ्याने वर चढतात. आमच्या तरुणपणी ती श्रावण-भाद्रपदात यायची. बाईंनी गावोगावच्या म्हाताऱ्यांना हेच विचारलं आणि पुढे स्वतः दर महिन्याला पाणी गाळून बघितलं, तर पिल्लं कमी झालेली, आणि येतात ती दिवाळी उलटल्यावर. समुद्र तापलाय, वाऱ्यांच्या वेळा चुकतायत, प्रवाह पूर्वीसारखा चालत नाही, असं त्या सांगतात. आणि लगेच पुढे म्हणतात, “हे आपल्या खाडीपुरतं. सगळ्या समुद्राचं मी बोलू शकत नाही.” एवढं शिकून ‘मला माहीत नाही’ म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या गावात तर न शिकताही कोणी म्हणत नाही.

आता खरा पेच ऐका. भात कापून झालं, दिवाळी उरकली, की आम्ही पऱ्यावर दगडमातीचा बांध घालतो. पहिला दगड आमच्या घराचा. त्या साठलेल्या पाण्यावर उन्हाळ्यापर्यंत बायकांचे मळे चालतात: लाल माठ, मुळा, पावटा. पूर्वी पिल्लं वर जायची आणि मग बांध पडायचा. आता बांध आधी पडतो. बाई मला म्हणाल्या, “आजी, समुद्राची गाडी उशिरा येतेय आणि तुमचं फाटक वेळेवर लागतंय.” बांधाच्या पायथ्याशी पिल्लं वळवळून मरत होती, आणि आम्ही म्हणत होतो, यंदा बगळे फार झाले.

देवळात बैठक बसली. बाई म्हणाल्या, बांध महिनाभर उशिरा घाला. शेजारची शेवंती उठली. “बाई, अहिर समुद्राचं पाणी पिऊन आला. आमच्या माठाने काय पिऊन जगायचं?” सगळ्या बायका हसल्या, पण बाईंच्या म्हणण्याला एकीनेही मान डोलावली नाही, मीसुद्धा नाही. बांध नाही तर मळा वाळतो, बांध आहे तर अहिर संपतो. कोणीतरी बाईंच्या कानात सांगितलं की वरून हुकूम आणा. त्या म्हणाल्या, “हुकूम आणला तर पुढल्या वर्षी मला या पऱ्यात कोण उभं करील?” आणि निमूट घरी गेल्या.

परत आल्या त्या रत्नागिरीजवळच्या भाट्याहून काथ्याचे जाड दोर घेऊन. म्हणाल्या, बांध खुशाल घाला. त्यावरून हे ओले दोर खालच्या पाण्यात सोडा. काथ्याच्या तंतूंत अंग अडकवत पिल्लं वर चढतील. गाव खूश झालं, आणि खुशीत शहाणपण सुचलं. दोर कुजू नयेत म्हणून आमच्या बाप्यांनी ते डिंबेलात बुडवून काढले. डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल, होडीच्या फळ्यांना लावतो ते. हाताला लागलं तर कातडी सोलते. पिल्लं कसली चढतायत! बाई आल्या, वाकून वास घेतला आणि मटकन दगडावर बसल्या. मला वाटलं, आता गावाचा उद्धार होणार. पण त्या हसतच सुटल्या. “फार जीव लावलात हो,” म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतः दोर ओढायला लागल्या. आठवडाभर दोन्ही हातांना फोड होते. मी खोबरेल लावून दिलं, आणि वर टोमणाही: “बाई, होडीला चालतं ते बाईमाणसाला चालत नाही.” नवे दोर आले, ते नुसते पाण्यात भिजवलेले.

त्यांच्या मायेचं एक सांगते. पेल्यात पाणी घेऊन त्या आल्या आणि म्हणाल्या, आजी, पिल्लं बघा. मला नुसतं पाणी दिसलं. मी म्हटलं, म्हातारीची थट्टा करता होय? त्यांनी माझे डोळे निरखून पाहिले. पुढच्याच आठवड्यात मला गाडीत घालून मोतीबिंदू काढायला घेऊन गेल्या, आणि आत टेबलावर मी सगळ्या देवांना हाका मारत असताना दाराबाहेर बसून राहिल्या. डोळ्याची पट्टी सुटली, मग पुन्हा तोच पेला. पाणीच होतं, पण त्या पाण्याला डोळे होते. काळे, मोहरीहून बारीक. ते माझ्याकडे बघत होते.

गेल्या साली बांधाच्या वरच्या डोहात बाईंच्या फडक्यात पिल्लं आली. फार नाहीत, पण आली. शेवंतीच सगळ्यांच्या आधी ओरडत घरोघर गेली. माठही झकास झाला होता.

बाई सांगतात, चढलेलं पिल्लू आमच्या डोहात वर्षानुवर्षं वाढेल, आणि मग एखाद्या पावसाळ्यात पुराबरोबर समुद्रात परत जाईल, अंडी घालायला. तेव्हा ते बघायला कोणीतरी गुडघाभर पाण्यात उभं हवं. माझे गुडघे त्याआधीच राजीनामा देतील, तेव्हा बाईंचे टिकायला हवेत. ग्रामदेवीला मी एवढंच गाऱ्हाणं घातलंय, की हे अहिर मोठे होऊन समुद्रात जाईस्तोवर, आणि त्यांची पोरं परत येईस्तोवर, बाईंना या पाण्यात धडधाकट उभं राहता येऊ दे. मागणं लांबचं आहे. देवीला सवड आहे.

समारंभाला मी येणार नाही. त्याच दिवशी बांधाचा पहिला दगड आहे, आणि दोर भिजत घालायचेत. डिंबेलाच्या डब्यावर मी स्वतः बसून राहणार आहे. तेव्हा जेवण इकडेच पाठवा. श्रीखंड नको. मिरकरवाड्याच्या बंदरावरून ताजी वाम आणवा. ती अहिराची समुद्रातली बहीण, पऱ्यात येत नाही, आणि तिला बाईंची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. ओलं खोबरं बारीक वाटून, तिरफळं घालून करा. मधले तुकडे मला पाठवा. शेपटीकडे काटे फार असतात, ते समितीला ठेवा.