आमच्या लॅबमधले उपवास

इथे न्यू जर्सीत, एडिसनला कुणाकडे जेवायला जमलो की हात वाळेपर्यंत गप्पा चालतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "वासंतीताई, तुमच्या लॅबमधलं सांगा ना काहीतरी." लोकांना वाटतं, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त, लघवी आणि रिपोर्ट, त्यात हसण्यासारखं काय असणार? पण इतकी वर्षं तिथे काढल्यावर माझ्याकडे किश्श्यांचा नुसता ढीग पडलाय. त्यातले निम्मे खाण्याचे आहेत आणि उरलेले न खाण्याचे. न खाण्याच्या किश्श्यांत फजिती नेहमी माझीच होते, म्हणून ते मी सहसा सांगत नाही. आज सांगते.

आधी माणसं सांगून टाकते. ब्रेकरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही चौघं जेवतो. युसूफभाई ब्लड बँकेत, मूळचे ढाक्याचे. माझ्याशी हिंदीत बोलतात. अल्माझ इथिओपियाची. सकाळी वॉर्डांत फिरून पेशंटांचं रक्त काढायचं काम तिचं आणि माझं. डेबोरा आमची बॉस, ज्यू, जन्मापासून न्यू जर्सीची. आणि मी नाशिकची.

माझ्या नवऱ्याच्या, श्रीधरच्या, हृदयाची एक झडप गळते असं निघालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सध्या नुसतं लक्ष ठेवू, पुढे कधीतरी ऑपरेशन लागेल. सासूबाई नाशिकहून फोनवर म्हणाल्या, "तू संकष्टी धर. माझ्या लेकाला काही होणार नाही." मी धरली. इतकी घाबरले होते की त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी केलं असतं.

* * *

पहिली फजिती माझी नव्हे, पण लाज मलाच वाटली. आमच्या ओळखीतले एक काका रक्त द्यायला आले. नाव सांगत नाही, परवाच देवळात भेटले होते. टेस्ट फास्टिंग शुगरची. मी विचारलं, काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीत ना? काका दुखावलेच.

"अगं, एकादशी आहे आज. कडक उपवास!"

मी रक्त काढलं. शुगर अशी काही आली की डेबोराला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा लावली, पुन्हा तीच. शेवटी मी काकांना घरी फोन केला. ते काही कबूल होईनात. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, की दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी आणि वर पाकातली रताळी खाऊन गेलात, ते सांगा की तिला.

काका शांतपणे म्हणाले, "मग? सगळं उपवासाचंच होतं."

हे मला डेबोराला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तुमच्याकडे उपवासाच्या दिवशी खास वेगळा स्वयंपाक करतात का? मी हो म्हटलं. "इंटरेस्टिंग," ती म्हणाली. इतकी वर्षं अमेरिकेत राहिल्यावर इंटरेस्टिंग म्हणजे काय ते मला कळतं.

* * *

मग माझी स्वतःची पहिली संकष्टी आली. आपल्याकडे उपवास चार लोकांना सांगितल्याशिवाय लागू होत नाही. मी सकाळी कोट चढवता चढवताच जाहीर केलं, "आज माझा फास्ट आहे हं."

अल्माझने हातातली पर्स खाली ठेवली आणि माझी ट्रॉली स्वतःकडे ओढली. "तू बस. चक्कर येईल तुला." मी नाही नाही म्हटलं, पण दोनदाच. ती माझे वॉर्ड आणि तिचे वॉर्ड, दोन्ही मजले एकटीने करून आली.

दुपारी मी डबा उघडला. तूप सोडलेली खिचडी, दही, बटाट्याची भाजी, तळलेले साबुदाण्याचे पापड आणि एका छोट्या डबीत श्रीखंड. अल्माझ समोर बसून बघत होती.

"हे बटर आहे?"

"तूप. चालतं."

"आणि दही?"

"चालतं."

"बटाटा?"

"तो तर चालतोच."

तिने थोडा विचार केला. "मग चालत नाही काय?"

"भात. पोळी. कांदा."

अल्माझने मान डोलावली. ती चेष्टा करत असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी मनापासून समजून घेत होती. तिच्यापुढे काहीच नव्हतं, म्हणून मी विचारलं, तुझा डबा कुठेय? ती नुसती हसली आणि कामाला गेली. मग डेबोराने सांगितलं की तिचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास चालू आहे. कितीतरी आठवडे दूध नाही, अंडं नाही, मांस नाही, आणि दुपार टळेपर्यंत पोटात काहीच नाही. त्या रिकाम्या पोटी ती माझे वॉर्ड फिरून आली होती आणि कुणाला एका शब्दाने बोलली नव्हती.

एकादशी अन् दुप्पट खाशी असं आमची आजी ज्याला त्याला म्हणायची. मी लहानपणी हसायचे. त्या दिवशी श्रीखंडाची डबी मी न उघडताच घरी नेली.

* * *

पण माझा स्वभाव असा की शहाणपण आलं तरी मुक्कामाला राहत नाही.

रमजान सुरू झाला. युसूफभाईंची बायको तेव्हा ढाक्याला माहेरी गेलेली, घरी करून घालायला कुणी नाही. मला वाईट वाटलं. मी सकाळी जास्तीची खिचडी केली, लिंबू पिळलं, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि भर दुपारी डबा त्यांच्यापुढे उघडून ठेवला.

"लीजिए युसूफभाई. बेफिकर खाइए. उपवास में चलता है!"

युसूफभाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बहन," ते फार हळू आवाजात म्हणाले, "रोज़े में तो पानी भी नहीं चलता."

अल्माझ एकदम उठून हात धुवायला गेली. मी डब्याला झाकण लावायला लागले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, आपलं नाव चिकटवून फ्रिजमध्ये ठेवला आणि सूर्य मावळल्यावर खजुरानंतर तीच खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो डाळीच्या भज्यांनी भरून. रिकामा डबा परत करायचा नाही ही पद्धत फक्त आपलीच, असं मी आजवर समजत होते.

खिचडी कशी होती, असं मी भीतभीतच विचारलं. "बहुत अच्छी," ते म्हणाले. "फ्रिज जितनी बार खुला, ख़ुशबू आई. कल के रोज़े का सवाब डबल लिखा गया होगा." सवाब म्हणजे पुण्य.

* * *

डेबोराचा उपवास वर्षातून एकच, योम किप्पुरचा. त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वासंती, या वर्षात माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर मला माफ कर."

मला वाटलं, नोकरी गेली. बॉस माणसं एरवी कशाला असं बोलतील? श्रीधरचा इन्शुरन्स माझ्या नोकरीवर होता. मी घाईघाईने म्हटलं की छे छे, तुम्ही तर फार चांगल्या आहात, माझंच काही चुकलं असेल तर सांगा. तिला काही कळेना. मग तिनेच समजावलं की ही त्यांची पद्धत आहे, उपवासाआधी सगळ्यांची माफी मागून घ्यायची.

मला इतकं हायसं वाटलं की त्या भरात तोंडून तेच निघालं जे निघायला नको होतं. "मग तुमच्या उपवासाला काय चालतं?"

"एवढंच," डेबोरा म्हणाली. "माफी मागणं."

* * *

यानंतर मी ठरवलं, पुरे झाली शोभा. पुढची संकष्टी निर्जळी करायची. ड्यूट्या डेबोरा लावते, त्यामुळे आम्हा सगळ्यांचे उपवास तिला आमच्याआधी ठाऊक असतात. तिने मला त्या दिवशी बसून करायचं काम दिलं. मी डबा नेला नाही, पाण्याची बाटली नेली नाही, आणि या वेळी कुणाला काही सांगितलंही नाही. नुसतं चेहऱ्यावरून कळेल अशी व्यवस्था ठेवली.

अकरा वाजेपर्यंत फार बरं वाटलं. बाराला कपाळ ठणकायला लागलं. एक वाजता मी रक्तदात्यांच्या खोलीत कसला तरी कागद शोधायला गेले. तिथे रक्त दिलेल्या लोकांसाठी बिस्किटं ठेवलेली असतात. कागद मिळाला नाही. दुसरं बिस्किट तोंडात असताना दार उघडलं आणि युसूफभाई आत आले.

माझे गाल फुगलेले. बोलताही येईना, गिळताही येईना. युसूफभाईंनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मैंने कुछ नहीं देखा. ऊपरवाले का पता नहीं."

ते गेल्यावर मी तिथेच खुर्चीत बसून रडले. हसू यायला हवं होतं, पण मनात एकच येत होतं, की हा उपवास श्रीधरसाठी होता आणि मी तो दोन बिस्किटांत मोडला.

रात्री श्रीधरला सांगितलं. तो इतका हसला की मला त्याला थांबवावं लागलं, त्याला धाप लागते म्हणून. "अगं, माझी झडप गळते त्यात तुझ्या बिस्किटाचा काय दोष?" तो म्हणाला. आणि मग डोळे पुसत, "आईला मात्र सांगू नकोस."

* * *

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याला जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही. आमच्याच हॉस्पिटलमध्ये मंगळवारची तारीख मिळाली.

त्या दिवशी मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही. त्याला पहाटे आत नेलं. मुलगी विमानात होती, दुपारपर्यंत पोचणार नव्हती. वेटिंग रूममध्ये मी एकटी. अल्माझ कामातून येऊन मला बळेच कॉफी देऊन गेली. युसूफभाई ब्लड बँकेतून दोनदा सांगून गेले की श्रीधरभाईंसाठी रक्त मी स्वतः तपासून पाठवलंय, काळजी करू नका. मध्येच कधीतरी मी मशीनमधून अंड्याचं सँडविच काढून खाल्लं. चव कळली नाही, पण संपवलं.

चारच्या सुमारास सर्जन बाहेर आले. झडप बसली, सगळं ठीक झालंय, तासाभरात भेटता येईल. मी त्यांचा हात धरून बराच वेळ नुसती थँक यू, थँक यू म्हणत राहिले. मग कॅफेटेरियातून डोनट्सचा मोठा डबा घेतला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने लॅबमध्ये गेले.

तिघंही ब्रेकरूममध्ये होते. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. डेबोराने मला घट्ट मिठी मारली. युसूफभाईंनी दोन्ही हात वर करून डोळे मिटले. अल्माझ रडायला लागली. मी डबा उघडून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, घ्या, तोंड गोड करा.

कुणीच हात पुढे केला नाही.

मी युसूफभाईंकडे पाहिलं. रमजान कधीच संपला होता. डेबोराचा योम किप्पुर अजून लांब. अल्माझ बुधवार-शुक्रवार पाळते, आणि आज तर मंगळवार. तिघांचेही चेहरे सुकलेले होते. त्यांनी सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

"आज कुणाचा उपवास आहे?" मी विचारलं.

"तुझा," डेबोरा म्हणाली.

मंगळवार. चतुर्थी. अंगारकी होती आज. वर्षभराच्या संकष्ट्यांचं फळ एका दिवसात देते म्हणतात ती अंगारकी, आणि मी अंड्याचं सँडविच खाऊन बसले होते.

अल्माझने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज तुझ्या लक्षात राहणार नाही, हे आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून आम्ही केला. फक्त, सॉरी वासंती, तुझं ते साबुदाण्याचं आमच्यापैकी कुणालाच करता येत नाही. म्हणून मग नुसतेच राहिलो. पाणीही नाही घेतलं. चालतं ना ते?"