वाकलेली काठी

कचेरीत त्याला सगळे ‘अँटेना’ म्हणत. बावीस वर्षं त्याचं काम एकच, समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयाशी, म्हणजे हवामान मोजणाऱ्या तरंगत्या डब्याशी, बोलणं तुटू द्यायचं नाही. बोया दर तासाला वाऱ्याचे नि लाटांचे आकडे उपग्रहामार्फत कचेरीत पाठवी, तिथून ते धक्क्यावरच्या फळ्यावर लागत, आणि फळा बघून होड्या सुटत. बायको म्हणायची, मी शेजारून हाक मारली तर ऐकू येत नाही, पण तीस मैलांवरचा डबा खोकला तरी ह्यांना कळतं.

थोरला भाऊ मासेमार. एका वर्षी दादाची जाळी रिकामीच येऊ लागली, तेव्हा न राहवून ह्याने त्याला बोयाची जागा सांगितली. बोयाच्या सावलीत मासळी जमते, म्हणूनच तिथे होड्यांना बंदी होती. लांबून जाळं टाक, होडी बांधू नकोस, एवढं मात्र बजावलं. माणूस माया करतो आणि नेमकी तिथेच माती खातो.

दोन वर्षांनी एका सकाळी बोया मुका झाला. संध्याकाळी दादा येऊन ओशाळत म्हणाला, जरा दोर गुंडाळला होता, वरची काठी वाकली, पण डबा शाबूत आहे. काठी म्हणजेच अँटेना, हे त्याला ठाऊक नव्हतं. ह्याने सांगितलंही नाही. दादा इतका सरळ, की तडक कचेरीत जाऊन कबुली दिली असती आणि परवाना घालवून बसला असता. बोया बंद पडला की फळा पुसायचा, असा कचेरीतला नियम. पण फळा पुसला की चौकशी आलीच. परवा दुरुस्तीची बोट जाणारच आहे, तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून ह्याने जुने आकडे तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी दादा फळा बघून निघाला. फळ्यावर वारा मंद होता. संध्याकाळी होडी तेवढी सापडली.

आठवड्याने तो सगळं कबूल करायचं ठरवूनच वहिनीकडे गेला. तिने पुढ्यात पाणी ठेवलं.

“भाऊजी, तुमचं यंत्रच बंद पडलं होतं म्हणे. एका अर्थी बरंच झालं. चालू असून चुकलं असतं, तर तुम्ही जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता.”

तो पाणी प्यायला आणि हो म्हणाला.

त्याला सहा वर्षं झाली. आता दादाचा मुलगा होडीवर जातो. फळ्यावर विसंबू नकोस, काकांना विचारल्याशिवाय निघायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे, म्हणून रोज पहाटे तो फोन करतो.