सरळ जाण्यासाठी थोडं डावीकडे

सरळ जायचं असलं की काका स्टेअरिंग डावीकडे ओढून धरत. त्यांच्या पिकअपमध्ये पहिल्यांदा बसलेला माणूस घाबरून दाराचा दांडा पकडी. मीही पकडला होता. "घाबरू नका, सूनबाई. हिला थोडं समजून घ्यावं लागतं, बस," ते म्हणाले. आणि खरंच, स्टेअरिंग डावीकडे वळलेलं, गाडी मात्र नाकासमोर चाललेली.

काका आमच्या गल्लीतले, माझ्या सासऱ्यांचे मित्र. पूर्वज दरबारी चाकरीत उज्जैनला आले, आणि चाकरी करता करता घराणं काकांपर्यंत पिकअपवर येऊन ठेपलं. नातेवाईक नाकं मुरडत. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "सारथ्य पण दरबारीच काम आहे." भैरवगढच्या कापड छापणाऱ्या छापखान्यांतून चादरींचे गठ्ठे भरायचे आणि फ्रीगंजमधल्या आमच्यासारख्या दुकानांत उतरवायचे, हे त्यांचं रोजचं काम.

गाडी जुनी होती आणि रस्ते खोदायला घेतल्यापासून तर तिचे फारच हाल झाले. एका बाजूची कमान, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, बसली होती, त्यामुळे ती कुत्रं पळतं तशी तिरकी पळायची आणि सारखी उजवीकडे ओढायची. स्टेअरिंग इतकं ढिलं, की बरंच फिरवल्यावर कुठे चाकांना पत्ता लागे. "निरोप पोचायला वेळ लागून राहिला आहे," काका म्हणत. ते गाडीवर कधी चिडले नाहीत. बायकोवरही नाहीत, हे काकू स्वतः सांगायच्या, फक्त दोन्हींतलं पहिलं प्रेम कोणतं ते सांगायच्या नाहीत.

आता पुलाचं सांगते. क्षिप्रेवरून जाताना आपल्या गावातला कोणता माणूस हात जोडत नाही? तुम्हीही जोडत असाल. काकांचा उजवा हात स्टेअरिंग सोडून कपाळाला, मग छातीला लागे. डोळे क्षणभर मिटत. तेवढा वेळ डावा हात एकटाच स्टेअरिंग डावीकडे ओढून धरी आणि गाडी आपल्या सुस्तीत सरळ पार होई. पुलाचा कठडा बुटका होता, काही ठिकाणी तुटलेलाही. मी त्या बाजूला बघत नसे.

काकू एकदाच त्या गाडीत बसल्या. पुढच्या चाकाखालून येणारी कटकट ऐकून येताना ऑटोने परतल्या. मग त्यांनी हट्टच धरला, की गाडी दुरुस्त करा, नाही तर विका. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज येईपर्यंत माझ्या हातून कुकर लागत नाही," एवढंच त्या माझ्यासमोर काकांना म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गाडी आगर रोडच्या मेकॅनिककडे, त्यांच्या उस्तादकडे गेली.

उस्तादने पुढचा भाग पूर्ण उघडला. काका शेजारी टायरवर बसून राहिले, दवाखान्याच्या बाकावर बसावं तसे. कमानी बदलल्या, बुश बदलले, चाकं वळवणारे झिजलेले टायरॉड फेकले, स्टेअरिंग कसलं. चावी देताना उस्ताद म्हणाला, "चाचा, गाड़ी तो सीधी हो गई. अब हाथ को सीधा होने दो. कुछ दिन माल मत भरना."

काका हे आम्हाला हसत हसत सांगत होते. त्यांनी ऐकलंही. थोडे दिवस रिकामी गाडी गावातून फिरवली, दोन्ही हातांनी, परीक्षेला बसल्यासारखं. तरी एकदा ती डावीकडे जाऊन भाजीच्या गाड्याला घासली, वांगी रस्त्यावर पसरली. काकांनी स्वतः वेचून दिली. मग माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "आता फार ऐकून राहिली आहे ही. इतकं ऐकणारं कोणी पण बरं नाही, सूनबाई."

मी हसले, पण मला ते हसू पेललं नाही. बोलता बोलता त्यांचा डावा हात मांडीवर मुठीत वळला होता आणि हळूहळू खाली ओढत होता.

घरी मात्र काकू खूश होत्या. कुकरची शिटी वेळेवर ऐकू यायला लागली होती.

लग्नसराईचा माल तयार झाला. काकांना वाटलं, आता हात बसला. छापखान्यातला माणूस मोटरसायकलवर मागेच होता, त्याने पाहिलं ते त्याने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. गठ्ठ्यांनी भरलेली गाडी पुलावर आली. काकांचा उजवा हात कपाळाकडे गेला. हॉर्न नाही, ब्रेक नाही. गाडी डावीकडे वळली आणि कठडा जिथे तुटला होता तिथून खाली गेली. काका वर आले नाहीत.

गाडी बाहेर काढली तेव्हा उस्ताद आला. कोणी बोलावलं नव्हतं. चिखलात उभं राहून त्याने स्टेअरिंग एका बोटाने फिरवलं. पुढची चाकं लगेच वळली. "इसमें तो सब ठीक है," असं म्हणून तो तिथेच खाली बसला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

काकू मात्र स्वतःला सोडायला तयार नव्हत्या. "ती ढिली होती तोवर त्यांना सांभाळत होती. मीच सरळ करायला लावली," त्या म्हणत. मी त्यांचा हात धरून बसत असे.

तेरावं झाल्यावर त्यांना भैरवगढला जायचं होतं, छापखान्यात काकांचा डबा राहिला होता. मी ऑटो केला. पूल आला. ऑटोवाल्याचा हात सवयीने कपाळाकडे जायला लागला, तशा काकू मागून पुढे वाकल्या आणि त्यांनी त्याचा खांदा धरला.

"भैया, दोनों हाथ से चलाओ. तुम्हारे हिस्से के भी मैं जोड़ती हूँ."

आणि त्यांनी हात जोडले. पूल संपेपर्यंत ते खाली आले नाहीत.