भोकांची डिस्क आणि रेणूचं रुखवत

आमच्या घरात रीतसर मतदान एकदाच झालं, आणि तेही गाडीच्या ब्रेकवरून.

गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी. परभणीतल्याच एका डॉक्टरांकडून घेतलेली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग असं थरथरायचं, जणू गाडीला हिवताप भरलाय! वर चाकातून किंकाळी. (मी शाळेच्या फाटकाशी ब्रेक दाबला की शिपाई घंटा वाजवतो, असं माझे सहकारी शिक्षक सांगत. ही निव्वळ अतिशयोक्ती. त्यानं एकदाच वाजवली होती.) शेवटी गाडी सलीमभाईच्या गॅरेजला नेली. त्यानं पुढचं चाक काढलं आणि आतली लोखंडी थाळी दाखवली.

"सर, डिस्का घासून पापड झाल्या. दोन्ही बाजूच्या बदलाव्या लागतात. कंपनीच्या टाकू, का भारीतल्या?"

'भारीतल्या' हा शब्द त्यानं उच्चारला आणि माझं सुख संपलं.

भारीतल्या म्हणजे गोल गोल भोकं पाडलेल्या आणि तिरप्या रेघा मारलेल्या. दुकानात टांगलेली ती डिस्क बघताच मी तिच्या प्रेमात पडलो. पुण्याला माझा मेव्हणा दिलीप आहे, त्याला फोन लावला. दिलीप म्हणजे गाड्यांचे व्हिडिओ बघत जेवणारा माणूस.

"दाजी, डोळे झाकून भोकांची घ्या! भोकातून हवा खेळती, डिस्क गार राहती. गाडी जागेवर खिळती!"

घरी आलो तर बायकोचं, मंगलचं, मत तयार होतं. "कंपनीनं गाडी बनवली ती काय येड्यानं? साधी टाका. तुमी काय शर्यतीला जायलाव का? शाळेत जायलाव!"

"अगं, गार राहते डिस्क."

"परभणीत माणूस गार राहत न्हाई मे महिन्यात, डिस्क काय राहती!"

माझी आई, जिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, तिनं मूळ मुद्द्यालाच हात घातला. "नव्या वस्तूला भोकं कामून? इकत घेऊन भोकंच आणायची तर घरात चाळणी हाय की!"

सलीमभाईला फोन केला. पण सलीमभाईचा स्वभाव असा, की जो शेवटी बोलेल त्याचं खरं. मी म्हणालो, "भोकांची बरी ना?" तो म्हणाला, "लय बरी!" मंगलनं फोन हिसकावला. "साधीच बरी ना?" तो म्हणाला, "वहिनी, एकदम बराबर!"

तेव्हा मतदान झालं. मी आणि फोनवरून दिलीप भोकांच्या बाजूनं. मंगल आणि बाई साधीच्या. राहिले अण्णा, माझे वडील. आमच्या गावी झरीला होते तेव्हा गावातल्या निम्म्या भांडणांचा निवाडा त्यांनी केलेला. बांधाचं भांडण असो की विहिरीच्या पाण्याचं, अण्णांचा निकाल ठरलेला: अर्धं याला, अर्धं त्याला. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले,

"बाळू, चाकं किती हायेत पुढं?"

"दोन."

"मग झालं! एका बाजूला साधी टाक, एका बाजूला भोकांची. भांडू नका."

हा निकाल सलीमभाईला कळवला, तर तो पहिल्यांदाच कुणाशी तरी असहमत झाला. "सर, अण्णांना सलाम सांगा. पण गाडी ब्रेक मारल्यावर गोल फिरंल!"

अण्णांचं मत बाद झालं, बरोबरी उरली, आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी भोकांची टाकून आणली. मंगल पुढं चार दिवस माझ्याशी फक्त बाईमार्फत बोलली.

ब्रेक मात्र काय होता महाराजा! सलीमभाईनं सांगितल्याप्रमाणं सुरुवातीला गाडी हळूच चालवली, आणि मग मला दाखवायचं व्यसन लागलं. जो भेटेल त्याला गाडीत बसवायचं, वेग घ्यायचा आणि "आता बघा!" म्हणून दाबायचा. शेजारच्या पाटील सरांचा चष्मा डॅशबोर्डवर गेला. भाजी घेऊन बसलेल्या आमच्या बाईच्या पिशवीतले टमाटे पुढच्या सीटखाली गेले आणि बरेच दिवस वासावरून आपला पत्ता सांगत राहिले. काही काळानं गल्लीतली माणसं मला बघताच "पायी जायला सांगितलंय डॉक्टरनं" म्हणू लागली.

अशात रेणूचं लग्न आलं. रेणू ही मंगलच्या बहिणीची मुलगी, जिंतूरची. रुखवत मंगलनं अंगावर घेतलं होतं. महिनाभर आमच्या घरात पलंगावर झोपायला जागा नव्हती! खारकांची बैलगाडी, साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे नवरा-नवरी, सुपारीचाच इवलासा भटजी, आणि सगळ्यांत वर बिस्किटांचा दुमजली बंगला. बंगल्याला गॅलरी होती. गॅलरीत वाळत घातलेले कपडे होते!

निघताना मंगलनं मला देवासमोर उभं केलं. "शपथ घ्या. आज दाखवायचं न्हाई."

घेतली. अण्णा पुढं बसले. मागं मंगल आणि बाई, दोघींच्या मांडीवर बंगला, मधे बाकीचं रुखवत. मी अशी गाडी चालवली की सायकलवाले मागून घंटी वाजवत होते. अण्णांचा उजवा पाय नेहमीप्रमाणं खाली न दिसणारा ब्रेक दाबत होता. माझ्या शेजारी बसले की ते गाडी माझ्याइतकीच चालवत. आता ते नाहीत. अजूनही एखादा ट्रक अंगावर आल्यासारखा वाटला की मी डावीकडं बघतो, तो पाय दाबला गेला का म्हणून.

झरीच्या अलीकडं रस्ता मोकळा दिसला. थोडा वेग घेतला. आणि बाभळीआडून एक म्हैस शांतपणे रस्त्यावर आली!

मी दाबला. गाडी जागेवर खिळली. दिलीप म्हणाला होता तश्शी! म्हशीच्या अंगावरचा केस हलला नाही.

बाकी सगळं हललं. वृंदावनाचा कळस माझ्या कानाला लागून काचेवर फुटला. बैलगाडी बैलांना सोडून पुढं आली. भटजी अण्णांच्या कॉलरमधून आत उतरले. आणि बंगल्याचा वरचा मजला खालच्या मजल्यात राहायला गेला.

मग मागून मंगल, अगदी हळू आवाजात: "दाखवलंत ना शेवटी."

"अगं, म्हैस होती!"

"कुठंय म्हैस?"

मी समोर बघितलं. रस्ता रिकामा! ती बया तोवर पलीकडच्या तुरीत उतरून दिसेनाशी झाली होती.

"अण्णा! अण्णांना विचार! अण्णा, म्हैस होती ना?"

"मी डोळे मिटले व्हते, बाळू," अण्णा म्हणाले. "पण पाठीत कायतरी टोचायलंय."

मी खरोखर अडचणीत ब्रेक मारला तो आयुष्यात पहिल्यांदाच, आणि माझ्या बाजूनं साक्ष द्यायला एक म्हैसही थांबली नाही!

जिंतूरला पोचेपर्यंत मंगल खिडकीबाहेर बघत होती. रडत होती हे मला आरशात दिसत होतं. मांडवात तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि मोडकं रुखवत होतं तसं मांडलं. इतक्यात वरपक्षाच्या बायका आल्या. नवरदेवाची आत्या बंगल्यापाशी थबकली.

"हे काय बनवलंय वो?"

माझा जीव कानाला चिकटलेल्या साखरेत अडकला. मंगल मात्र शांतपणे म्हणाली, "बांधकाम चालू हाय. नवरदेव इंजिनिअर हायेत न्हवं? पाया आमी घालून दिला, मजला त्यांनी चढवायचा."

हशा असा पिकला की बँडवाले थांबले! नवरदेवाला ओढून आणलं, हातात बिस्किट दिलं. तो बिचारा घामाघूम होऊन भिंत उभारतोय, रेणू तोंडावर पदर धरून हसतेय, आणि सगळा मांडव मोबाइलवर फोटो काढतोय. त्या दिवशी जिंतुरात लग्नाइतकीच चर्चा मंगलच्या रुखवताची झाली. अक्षता टाकायला अण्णांनी हात उचलला तेव्हा त्यांच्या बाहीतून सुपारीचे भटजीही बाहेर आले, अगदी मुहूर्तावर.

दिलीप पुण्याहून नवी कोरी गाडी घेऊन आला होता. मी कौतुकानं चाकाजवळ वाकलो. डिस्क सपाट. एक भोक नाही.

"अरे, भोकांची?"

"छे वो दाजी! वॉरंटी जाती. आपण कामून छेडछाड करायची?"

संध्याकाळी परत निघायची वेळ झाली. मंगल आणि बाई एकमेकींकडं बघून म्हणाल्या, "आमी एसटीनं येताव." अण्णा तेवढे माझ्या शेजारी बसले आणि वाटेतलं बोरी यायच्या आत गाढ झोपले. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी गाडी इतकी अलगद चालवली, की थोड्याच वेळात मागून एसटीचा हॉर्न आला. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि कडेला झालो. खिडकीतून मंगलनं मला हात केला.

पंचक्रोशीतला सगळ्यात भारी ब्रेक माझ्या गाडीला होता, आणि त्याचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो माझ्या बायकोच्या एसटीला पुढं जाऊ द्यायला!