घमेल्यात पाणी होतं

नवेगाव बांधच्या आमच्या छोट्या मंडळीचा मी पाळक होतो. धाकट्या भावाच्या बायकोने विश्वास सोडला, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं.

आमच्याकडे भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, भावसुनेला शिवत नाही. तीही त्याच्याशी थेट बोलत नाही. बाप्तिस्मा घेऊन आमच्या दोन पिढ्या झाल्या, तरी ही रीत सुटली नव्हती. मी समोर जेवायला बसलेला असे आणि ती माझ्या बायकोला म्हणे, "बाई, भासऱ्याइले सांगा, भात निवून राहिला."

बायको हसे. "आयकलं का, का मीबी सांगू?"

भाऊ वारला त्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी मी मंडळीचे पाय धुवायला बसलो. प्रभूने शिष्यांचे धुतले, जो पुढारी त्याने सेवक व्हावं, असा उपदेशही केला. बायकांच्या रांगेत ती शेवटी होती. जोडवी काढलेली, टाचा घासून आलेली. तिने पाय पुढे केला.

"पाणी संपलं," म्हणत मी घमेलं उचललं.

घमेल्यात पाणी होतं. सगळ्यांना दिसत होतं. कुणीतरी हसलं.

ती केशोरीला माहेरी निघून गेली. माहेर हिंदू, म्हणून माझं खोटं सहज खपलं. हरवलेल्या मेंढरामागे रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळावर मी पुढेही कितीदा बोललो. केशोरीला मात्र गेलो नाही.

यंदा ती आजारी असल्याचं कळलं, तेव्हा गेलो. ती खाटेवर एकटीच होती. मी पाणी आणलं. तिने पाय लुगड्यात ओढून घेतले आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलली.

"तवा सारी मंडळी पाहत होती. आता कोन पाहून राहिलं? मंडळीत बोलवा, मंग धुवा."

"बोलावतो," मी म्हणालो.

रविवारी उभा राहिलो. "भावसून आजारी आहे, प्रार्थना करा," एवढंच तोंडातून निघालं. बाकीचं पुढच्या रविवारी सांगू, असं मनाशी म्हणत खाली बसलो.

त्याआधीच तिच्या भाच्याचा फोन आला. मी पोचलो तोवर माहेरच्यांनी आपल्या रीतीने अग्नी दिला होता.

भाचा म्हणाला, "आत्या रोज नवं लुगडं काढून ठेवे. मंडळीचं बोलावनं येनार हाये म्हने. आलं होतं का जी?"

"नाही," मी म्हणालो.